चारशे ग्राम

शनिवारी पहाटे उलव्याच्या रिकाम्या सेक्टरात
रस्ते आहेत, दिवे आहेत, चौकांना नंबर आहेत,
घरं अजून यायची आहेत.
त्याआधी आम्ही आलो.
टेम्पोत कार्ट, कार्टवर ताडपत्री,
ताडपत्रीला टेकून नाझिम झोपलेला.

पाणी भरलेल्या लालपांढऱ्या प्लास्टिकच्या भिंती,
रचलेले टायर, चुन्याची रेघ.
नऊशे चाळीस मीटर, अकरा वळणं.
सिडकोचं डांबर एवढ्या जवळून
कुणी पाहिलं नसेल:
बूड जमिनीपासून दोन बोटं वर.

वयाच्या रकान्यात सदतीस लिहिलं,
व्यवसायाच्या रकान्यात: कंटेनरची कागदपत्रं, न्हावाशेवा.
माझ्यामागच्या सबनीसांच्या पोरानं सोळा लिहिलं
आणि व्यवसायापुढे रेघ ओढली.
त्याचे वडील लॅपटॉप उघडून बसलेले.
नाझिमकडे हवा मोजायचं एक घड्याळ
आणि नाक.
चेन तापली की त्याला वासावरून कळतं.

नियम असा की कार्ट आणि चालक मिळून
एकशे पासष्ट किलो.
मी सहा किलोंनी कमी भरते.
शिसं बाजारात मिळतं,
पण बाबांनी माळ्यावरून जाळं खाली काढलं.
गुडघे गेले तेव्हा त्यांनी होडी विकली, जाळं नाही.
दिवाळ्याच्या ओट्यावर बसून
एकेक गोळी दोरातून सोडवली,
कॅनव्हासच्या पिशव्यांत भरून दाभणानं शिवली,
त्याच जुन्या गाठीनं.
"परत आनशील नं, बाय?"
कप नव्हे. शिसं.

शनिवार बरगड्यांनी लक्षात ठेवला.
चौदा जणांत अकरावी.
संध्याकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला
तरी सांडला.
"सातव्याला घाबरतेस," नाझिम म्हणाला,
"वळताना आतलं मागचं चाक उचललं पाहिजे,
चारही चाकं जमिनीला चिकटून राहिली
की गाडी सरळच जाते."
रात्रभर मी उशीवर सातवं वळण घेत होते.

रविवार. अठरा फेऱ्या.
पहिल्या चार आठवत नाहीत.
पाचवीला चाक उचललं,
आणि पोटात काहीतरी हलकं झालं,
दहावी, नववी, सातवी, मोजणं सोडून दिलं.
डोक्यावरून विमान गेलं असं नंतर कळलं,
ऐकू आलं नाही.
चौदाव्या फेरीत सबनीसांचं पोर आत शिरलं,
मी सातव्याच्या कडेवर चढले,
खालून खण्ण वाजलं,
बाहेर आले तेव्हा पुढे होते.
पाचवी!
नाझिम भिंतीवर चढून फडकं फिरवत होता,
अंगातल्या बनियनवर.

मग काटा.
एकशे चौसष्ट, दशांश सहा.
पुन्हा चढा म्हणाले. चढले.
काट्याला माझी फेरी ठाऊक नव्हती.
पाटीवर माझ्या नावापुढे आकडा नाही,
आडवी रेघ.
पोराच्या वडिलांनी लॅपटॉप मिटला
आणि मला पाण्याची बाटली दिली.
मी ती पिऊन टाकली. आता काय उपयोग.

उन्हं उतरल्यावर भिंतींतलं पाणी सोडत होते,
डांबरावर ओहोळ.
त्यातून चालत सातव्यापर्यंत गेले.
तिथे मोराव्याचं एक पोर
उसवलेली पिशवी तळहातावर झेलत होतं.
"यो त जाल्याचा शिसा हाय.
हितं कसा आयला?"
म्हटलं, माझ्याबरोबर.
त्यानं पिशवीकडे पाहिलं, हेल्मेटकडे पाहिलं,
आणि सौदा सांगितला.

इंजिन बंद. तो स्टिअरिंग धरून,
नाझिम मागून ढकलतोय,
मी बाजूनं पळतेय.
पूर्ण एक फेरी, अकराही वळणं.
तोंडानं त्यानं जो आवाज काढला
तसा माझ्या इंजिनाला दोन दिवसांत जमला नाही.
वजन कुणी विचारलं नाही.

रात्री बाबांनी बाकीचं शिसं बाजूला सारलं,
त्या पिशवीतल्या गोळ्या ताटात ओतल्या.
सोळा हव्या होत्या. पंधरा.
पुन्हा मोजल्या. ताट हलवून पाहिलं.
मी मोराव्याचं सांगितलं.
"असूं दे," म्हणाले,
"लागल त्याला."
आणि मग, ताट सरकवत,
"कितवी आयलीस?"